हात चालतो तोवर निरवानिरव

मृग नक्षत्र लागण्यापूर्वी बियाण्याची तजवीज करणारा, गुरांच्या वैरणीचा वर्षभराचा हिशेब मनात ठेवणारा आणि विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या भावाभावांत चोख वाटून घेणारा शेतकरी आपल्या पश्चात जमिनीची व्यवस्था कशी व्हावी, याविषयी मात्र बहुधा एक ओळही लिहून ठेवीत नाही. मृत्युपत्राचा विषय काढणे पुष्कळ घरांत अशुभ समजले जाते, आणि मुलांच्या देखत लिखापढी करणे म्हणजे त्यांच्यावर अविश्वास दाखविणे, अशीही समजूत आहे. या संकोचाची किंमत पुढे म्हातारी आई, विधवा सून आणि लग्न होऊन गेलेली मुलगी यांना मोजावी लागते.

या बाबतीत खेड्यापाड्यांत दोन प्रकारच्या चुका होतात. काही कर्ते पुरुष काहीच न लिहिता जातात. काही जण उतारवयात सर्व जमीन मुलांच्या नावे करून हात रिकामे करून बसतात. दोन्ही मार्ग घातक आहेत. स्वतःच्या निर्वाहापुरती जमीन अखेरपर्यंत स्वतःच्या नावे ठेवणे, राबणाऱ्या मुलांना त्यांचा वाटा हयातीतच देणे आणि उरलेल्याचे मृत्युपत्र करणे, हाच हितावह मार्ग होय.

पहिल्या चुकीचा पुरावा गावच्या दप्तरातच सापडतो. मयत खातेदारांची नावे वर्षानुवर्षे सातबाऱ्यावर तशीच राहिल्यामुळे वारसांच्या नोंदी लावण्यासाठी राज्य शासनाला २०२५ मध्ये ‘जिवंत सातबारा’ ही खास मोहीम हाती घ्यावी लागली. काही ठिकाणी एकत्र कुटुंबाचा व्यवस्थापक म्हणून एकट्या थोरल्या भावाचे नाव लागलेले असते आणि धाकट्यांची नावे कागदावर कोठेच दिसत नाहीत. नाव नसल्यास पीक कर्ज, पीक विमा आणि अनुदान या तिन्ही ठिकाणी अडचण येते. यास्तव मृत्यूनंतर तीन महिन्यांच्या आत वारसाची वर्दी ग्राम महसूल अधिकाऱ्यांकडे, म्हणजे ज्यांना लोक अद्याप तलाठी म्हणतात त्यांच्याकडे, दिलीच पाहिजे. मात्र फेरफार नोंद म्हणजे मालकीचा निवाडा नव्हे, हेही ध्यानात ठेवावे. कोणाचे नाव नोंदीतून सुटले म्हणून त्याचा हक्क बुडत नाही. तंटा मात्र वाढतो.

मृत्युपत्र नसेल तर वाटणी कायदा करतो आणि ती पुष्कळांच्या समजुतीपेक्षा निराळी असते. हिंदू वारसा अधिनियम, १९५६ अन्वये पुरुषाच्या स्वकष्टार्जित जमिनीत मुलगा, मुलगी, विधवा पत्नी आणि हयात असलेली आई यांना समान वाटा मिळतो. दहा एकर जमीन मिळवलेला शेतकरी पत्नी, दोन मुलगे, एक मुलगी आणि वृद्ध आई यांना मागे ठेवून गेला, तर प्रत्येकाच्या वाट्याला दोन एकर येतात. गावच्या तोंडी हिशेबात यांतील आई आणि मुलगी यांची आठवण सहसा कोणास राहत नाही. वडिलोपार्जित जमिनीत तर ९ सप्टेंबर २००५ पासून अमलात आलेल्या दुरुस्तीने मुलीला मुलाप्रमाणेच जन्मतः हक्क दिला आहे. त्या दिवशी वडील हयात असण्याची आवश्यकता नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा यांच्या प्रकरणात स्पष्ट केले. २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेल्या वाटण्या या दुरुस्तीने मोडत नाहीत. हा अधिनियम बौद्ध, जैन आणि शीख कुटुंबांसही लागू आहे. मुसलमान आणि ख्रिस्ती कुटुंबांना त्यांचे स्वतंत्र वारसा नियम आहेत.

माहेर तुटू नये म्हणून बहिणी हक्कसोडपत्रावर सही करतात. ती तिची राजीखुशी असेल तर कोणाची हरकत असण्याचे कारण नाही. परंतु कागद वाचून न दाखविता, दुःखाच्या दिवसांत, दहाव्या-तेराव्याच्या गर्दीत घेतलेली सही ही राजीखुशी नव्हे. नोंदणी झालेले हक्कसोडपत्र मागाहून फिरविणे अतिशय कठीण असते, हे सही करणारीला आधी सांगणे अगत्याचे आहे.

दुसरी चूक अधिक दुःखदायक ठरते. मुलाच्या नावे बक्षीसपत्र नोंदविले की त्या दिवसापासून मालकी बदलते. आईबाप स्वतःच्या मळ्यात पाहुणे होतात. अशा वृद्धांना आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांचा निर्वाह व कल्याण अधिनियम, २००७ याचा आधार आहे. साठ वर्षे पूर्ण झालेल्या आणि स्वतःचा निर्वाह करू न शकणाऱ्या व्यक्तीस, तसेच कोणत्याही वयाच्या अशा आईबापांस, मुलांकडून निर्वाहखर्च मागता येतो. अर्ज उपविभागीय अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे करावयाचा असतो आणि निर्वाहखर्चाची कमाल मर्यादा दरमहा १०,००० रुपये आहे. याच अधिनियमाच्या कलम २३ प्रमाणे, सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता सांभाळ न केल्यास परत मिळू शकते. परंतु ती अट मुळात घातलेली असावी लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये सांगितले आहे. जानेवारी २०२५ च्या दुसऱ्या एका निकालात न्यायालयाने वृद्धांच्या बाजूने उदार अर्थ लावला; पण त्या प्रकरणातही मुलाने सांभाळ करण्याचे लिहून दिलेले होते. तात्पर्य असे की, बक्षीसपत्र करावयाचेच असेल तर ‘अन्न, वस्त्र, निवारा आणि औषधोपचार यांची जबाबदारी घेणाऱ्यावर राहील’ हे वाक्य त्याच कागदात असलेच पाहिजे. तोंडी वचनावर न्यायालयात उभे राहता येत नाही.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो आणि तो विचारार्ह आहे. पंचवीस वर्षे शेतात राबलेल्या मुलाच्या नावे गुंठाभर जमीन नसेल तर त्याने कर्ज कशावर काढावे, विहीर कोणत्या भरवशावर खणावी? म्हाताऱ्याने सर्व जमीन मरेपर्यंत धरून ठेवणे हाही अन्यायच आहे. त्यावरील तोड जुन्या रूढीतच आहे. पूर्वी वाटण्या होताना वृद्धांच्या आणि विधवांच्या निर्वाहासाठी ‘जिवाई’ म्हणून जमिनीचा तुकडा वेगळा काढीत असत. आजही तसेच करावे. सर्व सहधारकांची संमती असल्यास महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम ८५ प्रमाणे तहसीलदारांकडे वाटपाचा अर्ज करता येतो. त्या वाटपात पाण्याजवळचा एक हिस्सा नवरा-बायको दोघांच्या नावे ठेवावा. एकट्या पुरुषाच्या नावे ठेवल्यास त्याच्या मागे पत्नीला पुन्हा मुलांच्या तोंडाकडे पाहावे लागते.

उरलेल्यासाठी मृत्युपत्र करावे. त्याला मुद्रांक लागत नाही, साध्या कागदावरही ते करता येते. लिहिणाऱ्याने सही किंवा अंगठा करावा आणि दोन साक्षीदारांनी साक्ष घालावी, एवढे पुरे आहे. ज्यांना त्यातून काही मिळावयाचे आहे अशांना साक्षीदार करू नये. नोंदणी सक्तीची नाही, तरी दुय्यम निबंधकांकडे नोंदविणे आणि डॉक्टरांचा दाखला जोडणे इष्ट, कारण पुढे ‘शुद्धीवर नव्हते’ हा वाद बंद होतो. हयातीत ते केव्हाही बदलता येते. शेवटचे मृत्युपत्र ग्राह्य धरले जाते. वडिलोपार्जित जमिनीपैकी फक्त स्वतःच्या हिश्शाचीच अशी व्यवस्था करता येते, हे विसरू नये. गटनंबर, क्षेत्र, विहिरीच्या पाण्याची पाळी, पाऊलवाट, राहते घर, सोसायटीचे कर्ज आणि हातउसने हे सर्व त्यात स्पष्ट लिहावे. बँकेच्या खात्यावर नामनिर्देशन असले तरी नामनिर्देशित व्यक्ती पैशाची मालक ठरत नाही; ती वारसांच्या वतीने रक्कम स्वीकारते.

वाटणी करताना जमिनीचाही विचार व्हावा. महाराष्ट्रातील सरासरी धारणक्षेत्र १९७०-७१ च्या कृषिगणनेत ४.२८ हेक्टर होते. २०१५-१६ मध्ये ते १.३४ हेक्टरवर आले. ज्या तुकड्यात अवजार वळत नाही तो तुकडा कोणाचेच पोट भरीत नाही. अशा वेळी कसणाऱ्याने जमीन घ्यावी आणि इतरांना तिचे रास्त मोल हप्त्याने द्यावे. तसा स्पष्ट उल्लेख मृत्युपत्रातच असावा.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी वकिली करावी, अशी अपेक्षा नाही. परंतु खत-बियाण्याच्या बैठकीत एकदा सातबारा आणि आठ-अ सर्वांसमक्ष वाचून दाखवावा, मयत नावे कोणती ते विचारावे, आणि गुंतागुंतीच्या प्रकरणांत तालुका विधी सेवा समितीचा मार्ग दाखवावा. स्त्रिया, वार्षिक उत्पन्न ठरावीक मर्यादेत असलेली कुटुंबे आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती यांना तेथे मोफत सल्ला मिळतो. मृत्युपत्र लिहिल्याने मरण अलीकडे येत नाही. ते न लिहिल्याने मात्र मागे राहिलेल्यांचे दिवस कचेरीच्या पायऱ्यांवर जातात, आणि त्या काळात पडीक पडते ती जमीन म्हाताऱ्याने जन्मभर खपून वाहिवाटीस आणलेली असते.