चौतिशीपर्यंतचा बायोडेटा

परवा मला चौतीस पूर्ण झाली. ऑफिसात केक आला (त्यावर नाव चुकलेलं), बॉसने पाठीवर थाप मारली आणि एचआरकडून फुगे उडणारं एक ई-कार्ड आलं. तिशीला पार्टी होते, चाळिशीला चष्मा लागतो. चौतिशीला कुणी विचारत नाही. माझ्या डोक्यात मात्र हा आकडा गेली चौदा वर्षं अडकून बसलाय.

झालं असं की, कॉलेजात असताना अप्पा बळवंत चौकात स्पर्धा परीक्षेची पुस्तकं धुंडाळताना एक कवितासंग्रह हाती लागला. 'चौतिशीपर्यंतच्या कविता', कवी हेमंत दिवटे. शीर्षक वाचून हसूच आलं. हे काय, पीएफचं स्टेटमेंट आहे का? दिवटेंचा जन्म १९६७ चा, पुस्तक २००१ चं. हिशोब चोख! मी तेव्हा वीस वर्षांचा होतो आणि चौतीस म्हणजे माझ्या मते म्हातारपणाची पहिली पायरी होती.

मी ढोकीचा. धाराशिवकडचं ढोकी, तेरणा कारखान्याचं. आमच्याकडे गाळपाच्या दिवसांत कारखान्याचा भोंगा आणि मळीचा वास यांवर दिवसाचं घड्याळ चालायचं. कविता म्हणजे पाठ्यपुस्तकातली, नाहीतर देवळातल्या भजनातली. कवितेत पाऊस, पारिजातक आणि आई पाहिजेच, असा माझा पक्का समज. या माणसाच्या कवितेत मात्र ब्रँडची नावं, लोगो, मॉल, ऑफिस, म्हणजे नव्वदनंतर बदललेलं अख्खं शहर ठाण मांडून बसलेलं. मी पुण्यात नवा होतो, त्या शहराला बिचकत होतो. कुणीतरी आपल्याआधी बिचकलंय आणि त्याने ते लिहून ठेवलंय, हे कळल्यावर बरं वाटलं.

नंतर समजलं, की चौतिशीच्या खात्यात फक्त हे एक पुस्तक नव्हतं. दिवटे त्याआधीपासून 'अभिधानंतर' नावाचं अनियतकालिक चालवत होते. सलग पंधरा वर्षं त्यांनी ते चालवलं. आता 'चालवलं' हे क्रियापद फार सोज्वळ आहे हो. असलं नियतकालिक चालवायचं म्हणजे काय? कविता मागवायच्या. आलेल्या ढिगातल्या बहुतेक नाकारायच्या आणि तेवढे शत्रू करायचे. डीटीपी, मुद्रितं, छपाई, पाकिटं, तिकिटं. वर्गणी भरणारे मोजके, फुकट अंक मागणारे भरपूर. शिवाय पुन्हा पुढच्या अंकाला पैसे कुठून आणायचे, हा प्रश्न. यात केआरए नाही, इन्क्रिमेंट नाही, नोटीस पीरियडही नाही. आणि सगळ्यात वाईट म्हणजे स्वतःची कविता लिहायच्या वेळात दुसऱ्याची वाचायची.

तरी त्यातून काय उभं राहिलं बघा. नव्वदनंतरच्या मराठी कवींच्या एका पिढीला हक्काची जागा मिळाली. वर्जेश सोलंकी, मन्या जोशी हे कवी याच घरातून पुस्तकरूपाने आले. दिवटेंच्या पहिल्या संग्रहाचा इंग्रजी अनुवाद 'व्हायरस अलर्ट' या नावाने खुद्द दिलीप चित्र्यांनी केला. चित्रे म्हणजे १९५४ साली अरुण कोलटकर वगैरे मित्रांबरोबर 'शब्द' काढणारे, मराठीतल्या लिटल मॅगझिनवाल्यांचे थोरले भाऊच. एका संपादक-कवीने दुसऱ्याच्या कविता आपल्या टेबलावर घ्याव्यात, हे मला कुठल्याही अवॉर्डपेक्षा मोठं वाटतं. २००३ मध्ये दिवटेंनी 'पोएट्रीवाला' ही प्रकाशनसंस्था सुरू केली, इंग्रजीतल्या आणि अनुवादित कवितेसाठी. कवितेचीच! आमच्या फायनान्सवाल्या मित्राला हे बिझनेस मॉडेल सांगितलं तर तो चहा सांडेल. मधल्या काळात त्यांची स्वतःची कविताही चालूच होती. २००६ मध्ये दुसरा संग्रह आला. त्याचं नाव, 'थांबताच येत नाही'.

आता माझं ऐका. दिवटे वाचून मीही लिहायला लागलो होतो, हे तुम्ही ओळखलंच असेल. बाविसाव्या वर्षी पाच कविता एका नियतकालिकाला पाठवल्या (नाव नको). पाकीट परत आलं, वर 'साभार परत'. मराठीत या दोन शब्दांनी जेवढी मनं मोडली असतील, तेवढी प्रेमभंगांनीही मोडली नसतील. संपादक लोकांवरचा राग आपल्याकडे जुना आहे. १९६९ मध्ये चिडलेल्या तरुण लेखकांनी 'सत्यकथे'चा अंक चक्क जाळला होता. मी तेवढा शूर नव्हतो. मी फक्त लिहिणं बंद केलं आणि एमबीएची प्रवेश परीक्षा दिली.

वाढदिवसानंतरच्या शनिवारी गावी गेलो. आई माळा आवरत होती. "हे बघ रं, तुझी कागदं. ठेवू का रद्दीत घालू?" तेच पाकीट. मी उगाच उघडलं. तिसऱ्या कवितेच्या समासात, पेन्सिलीने, बारीक अक्षरात लिहिलेलं होतं, "ही थांबता थांबत नाही. शेवटच्या चार ओळी काढून पुन्हा पाठवा."

पुन्हा पाठवा!

बारा वर्षं हे वाक्य आमच्या माळ्यावर, पितळी भांड्यांच्या मागे पडून होतं. मी वरचे दोन शब्द वाचले आणि पाकीट बंद केलं होतं. शेवटच्या चार ओळी वाचल्या. भयंकर होत्या. पारिजातक होता त्यात.

रविवारी सकाळी आईला तेरला गोरोबाकाकांच्या दर्शनाला नेलं. ढोकीहून तेर जवळच. गोष्ट तुम्हाला माहीत असेल. सगळे संत जमलेले, मुक्ताईने थापटणं बघून विचारलं, हे कशाला? काका म्हणाले, मडकं कच्चं की पक्कं बघायला. मग बघा की आमची मडकी, म्हणाली ती. काकांनी एकेकाच्या डोक्यावर थापटणं मारलं. सगळे गप्प बसले, नामदेव तेवढे चिडले. निकाल लागला, हे मडकं कच्चं. लहानपणी मला ही गोष्ट नामदेवांच्या फजितीची वाटायची. परवा नदीकाठच्या त्या देवळात वाटलं, आमच्या भागात सातशे वर्षांपूर्वी एक संपादक होऊन गेला, आणि नामदेव महाराज फुगून घरी बसले नाहीत. ते विसोबा खेचरांकडे गेले. मी एमबीएला गेलो.

परतीच्या एसटीत, बार्शीच्या अलीकडे, धुळ्याचे पुरुषोत्तम पाटील आठवले. जन्म १९२८ चा, आणि 'कवितारती' सुरू केलं १९८५ मध्ये. म्हणजे सत्तावन्नाव्या वर्षी. आपण ज्या वयात रिटायरमेंट प्लॅनिंगच्या सेमिनारला जाऊन बसू, त्या वयात या प्राध्यापकाने फक्त कवितेला वाहिलेलं द्वैमासिक काढलं आणि २०१७ मध्ये जाईपर्यंत त्याच्यासाठी राबले. ते स्वतः चांगले कवी होते. तरी संग्रह मोजकेच. एवढी वर्षं दुसऱ्यांच्या कविता वाचणाऱ्या माणसाच्या स्वतःच्या किती कविता राहून गेल्या असतील, याचा हिशोब कुठल्याच बायोडेटात येत नाही. चौतीस की सत्तावन्न, हा प्रश्न माझ्यापुरता तिथेच मिटला.

त्या नियतकालिकाचा पत्ता शोधला. बंद पडलंय.

आमच्या टीममधली एक ज्युनिअर कविता लिहिते. दोन महिन्यांपूर्वी तिने मला चार पाठवल्या होत्या, "सर, प्लीज ऑनेस्टली सांगा." मी तेव्हा अंगठा पाठवून मोकळा झालो होतो. टेंभुर्णीला गाडी चहाला थांबली, तेव्हा त्या पुन्हा उघडल्या. नीट वाचल्या, दोनदा. मग लिहिलं, "दुसरी चांगली आहे. शेवटचं कडवं काढून बघ आणि पुन्हा पाठव."

निळ्या टिका आल्या. आज मंगळवार. ऑफिसात ती माझ्याशी बोलत नाहीये.