यादी बनवणारं यंत्र विकताना

पातूर हे अकोल्यापासून तीसेक किलोमीटरवर, वाशिम रस्त्यावरचं तालुक्याचं गाव. इथल्या मुलामुलींनी संगणकाची पदवी घेतली की नोकरीसाठी पुणे किंवा हैदराबाद गाठायचं, हे आपण धरूनच चालतो. आता एक दुसरी वाटही आहे. घरी बसून वेब स्क्रेपिंगची टेम्प्लेट बनवायची आणि ऑनलाइन बाजारात विकायची. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, नोकरी सांभाळून हे कामही करतो. त्यामुळे ओळखीतली मुलं विचारतात, ‘भाई, यात पैसा आहे का?’ आहे. पण त्यासोबत आणखी एक प्रश्न विचारायला हवा, आणि तो आपण मुस्लिम तरुणांनी तर सर्वांत आधी विचारायला हवा.

काम काय असतं ते आधी सांगतो. वेबसाइटवरची माहिती माणसाऐवजी प्रोग्रॅमने वाचायची आणि तक्त्यात भरायची, याला स्क्रेपिंग म्हणतात. हे करणारा तयार साचा म्हणजे टेम्प्लेट. घेणाऱ्याने फक्त पत्ता टाकायचा आणि बटण दाबायचं. प्रागच्या ॲपिफाय कंपनीच्या स्टोअरवर तुमचं स्क्रेपर कुणी वापरलं, तर वापरानुसार आलेल्या पैशातले ८० टक्के तुमचे, त्यातून सर्व्हरचा खर्च वजा. बर्लिनच्या एन-एट-एनवर बनवलेले साचे लोक गमरोडसारख्या दुकानांत विकतात. तिथे दर विक्रीमागे १० टक्के आणि वर ५० सेंट कापले जातात. डॉलरमध्ये येणारी थोडी रक्कमही पातूरमध्ये बरीच वाटते. मात्र ही बसल्या जागेची कमाई नाही. ज्या साइटवरून माहिती घेता तिने रचना बदलली की टेम्प्लेट बंद पडतं, ग्राहक पैसे परत मागतो आणि तुम्ही रात्री बसून दुरुस्ती करता.

आता या बाजारात सर्वांत जास्त काय खपतं ते पाहा. गूगल मॅप्सवरची दुकानं आणि त्यांचे फोन नंबर, इन्स्टाग्रामवरची प्रोफाइल, लिंक्डइनवरची माणसं. वस्तूंच्या किमतींपेक्षा माणसांच्या याद्यांना मागणी मोठी आहे.

मागे एका ग्राहकाने माझं दुकानांची यादी करणारं टेम्प्लेट पाहून निरोप पाठवला. यादीत एक रकाना वाढवून हवा होता. मालकाच्या नावावरून त्याचा समाज ओळखून तो त्यात लिहायचा. कशासाठी, ते त्याने सांगितलं नाही. पैसे बरे देत होता. मी नाही म्हटलं. तांत्रिकदृष्ट्या त्यात अवघड काहीच नव्हतं. नावावरून धर्माचा अंदाज बांधणारे प्रोग्रॅम संशोधकांनी मतदारयाद्यांवर वापरलेले आहेत. मी नाही म्हटलं ते अशा यादीचा इतिहास ठाऊक असल्यामुळे.

१९८४ साली दिल्लीत शिखांची घरं हुडकणाऱ्या जमावांच्या हाती मतदारयाद्या होत्या, असं अनेक साक्षींत आलेलं आहे. २००२ च्या गुजरातवरच्या ह्यूमन राइट्स वॉचच्या अहवालात हल्लेखोरांकडे मुस्लिमांची घरं आणि दुकानं दाखवणारे संगणकाचे छापील कागद असल्याची नोंद आहे. तेव्हा अशी यादी जमवायला कार्यालयात ओळख लागायची, वेळ लागायचा. आज टेम्प्लेट आणि काही डॉलर पुरतात.

जुलै २०२१ मध्ये ‘सुल्ली डील्स’ आणि जानेवारी २०२२ मध्ये ‘बुल्ली बाई’ या नावांनी गिटहबवर काय झालं, ते आपल्या बहिणी विसरलेल्या नाहीत. पत्रकार, वकील, विद्यार्थिनी अशा मुस्लिम महिलांचे फोटो सोशल मीडियावरून उचलून त्यांचा ‘लिलाव’ मांडला गेला. फोटो चोरीचे नव्हते, त्यांनी स्वतःच उघडपणे टाकलेले होते. ते गोळा करून एका जागी, एका हेतूने मांडणं, गुन्हा तिथे घडला. ‘बुल्ली बाई’ प्रकरणात पोलिसांनी ज्यांना पकडलं त्यांत इंजिनिअरिंगचे विद्यार्थी होते. म्हणजे आपल्यासारखीच, आपल्याच वयाची, हेच शिकलेली मुलं.

हत्यार परक्यांनीच बनवलेलं असतं असंही नाही. नोव्हेंबर २०२० मध्ये मदरबोर्डने बातमी दिली की नमाजच्या वेळा सांगणाऱ्या मुस्लिम प्रो या ॲपमधून वापरणाऱ्यांच्या ठिकाणांची माहिती एक्स-मोड नावाच्या कंपनीकडे जात होती आणि त्या कंपनीच्या ग्राहकांत अमेरिकी लष्कराचे कंत्राटदार होते. बातमीनंतर मुस्लिम प्रोने तो व्यवहार थांबवला. इबादतीसाठी उतरवून घेतलेलं ॲप आपलीच माहिती पुढे पाठवत होतं.

यावर माझे व्यवसायबंधू म्हणतात, ‘माहिती उघडीच आहे, मग हरकत कसली?’ कायद्याचं उत्तर अर्धवट आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ नुसार मालकाच्या परवानगीशिवाय त्याच्या संगणकातून माहिती उतरवून घेणाऱ्याला भरपाई द्यावी लागू शकते. हेच अप्रामाणिकपणे केलं तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद आहे. कायदा मोडून संगणकात शिरायला कुणाला मदत करणाराही कलम ४३ मध्ये येतो, हे टेम्प्लेट विकणाऱ्यांनी नीट वाचावं. उलट २०२३ चा डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा, माणसाने स्वतः जाहीर केलेल्या माहितीला लागूच होत नाही. ‘बुल्ली बाई’तले फोटो नेमके असेच होते. युरोपात ही सूट नाही. इंटरनेटवरून चेहऱ्यांचे फोटो गोळा करणाऱ्या क्लिअरव्ह्यू एआयला इटलीने २०२२ मध्ये २ कोटी युरोंचा दंड केला. आपल्या कायद्यात फट आहे म्हणून ती आपण वापरलीच पाहिजे असं नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ च्या पुट्टस्वामी निकालात खासगीपणाला मूलभूत हक्क म्हटलं. नागरिक म्हणून आपण हा हक्क सरकारकडे मागतो, मग व्यवसाय करताना तो दुसऱ्यालाही द्यायला हवा.

‘तू नाही बनवलंस तर दुसरा कुणी बनवेल’ हेही ऐकतो. बनवेल. पण बाजारात तयार, स्वस्त, दुरुस्तीच्या हमीसह मिळणारी वस्तू आणि स्वतः खपून उभी करावी लागणारी वस्तू यांत फरक असतो. आपण ती स्वस्त करायची की नाही, एवढं आपल्या हातात आहे.

म्हणून हे काम शिकू पाहणाऱ्यांना मी चार गोष्टी सांगतो. एक, वस्तू, किमती, सूचना, वेळापत्रकं गोळा करा. व्यक्तींची प्रोफाइल गोळा करणारा साचा विकू नका. दोन, नावावरून धर्म, जात किंवा लिंग ठरवणारा रकाना कुणी कितीही पैसे दिले तरी जोडू नका. तीन, साइटची रोबोट्स फाइल आणि अटी वाचा. लॉगिनच्या आत शिरू नका, कॅप्चा तोडू नका आणि सर्व्हरवर विनंत्यांचा मारा करू नका. चार, टेम्प्लेटच्या वर्णनातच ते कशासाठी वापरायचं नाही ते लिहा. ग्राहकाने हेतू सांगितला नाही, तर रकाना वाढवून देऊ नका.

यात धंदा बुडत नाही. अकोला बाजार समितीतले सोयाबीन, तूर, कापसाचे भाव रोज मोबाइलवर पाठवणारा साचा शेतकऱ्याला आणि व्यापाऱ्याला दोघांनाही हवा आहे. केंद्राचं ॲगमार्कनेट बाजारभाव प्रसिद्ध करतं आणि ते सरकारच्या खुल्या माहितीच्या पोर्टलवरही मिळतात, म्हणजे स्क्रेपिंगचीही गरज पडत नाही. राज्य सरकारचे शासन निर्णय पीडीएफमध्ये येत राहतात. त्यातून अल्पसंख्याक विकास विभागाचे निर्णय वेगळे काढून कळवणारं टेम्प्लेट कुणी बनवलं, तर शिष्यवृत्तीची मुदत संपल्यावर धावाधाव करणाऱ्या किती घरांचा ताप वाचेल! निविदांच्या सूचनांसाठी तर लहान कंत्राटदार आजही पैसे मोजतात.

पातूरमधल्या एखाद्या मुलीने घरच्या खोलीत बसून परदेशातला ग्राहक मिळवावा, यापेक्षा आनंदाची गोष्ट मला सुचत नाही. तिने एवढंच करावं. टेम्प्लेट बाजारात ठेवण्याआधी ते एकदा स्वतःच्या मोहल्ल्यावर चालवून पाहावं. पडद्यावर येणाऱ्या तक्त्यात तिच्या अब्बांचं दुकान आणि तिच्या बहिणीचा फोटो असेल, आणि तो तक्ता अनोळखी माणसाच्या हाती द्यायला तिचा हात कचरला, तर ते टेम्प्लेट विकू नये.