दुधाच्या ग्राहकाची शंका हसण्यावारी नेऊ नका

दुधाचा व्यवसाय हा भरवशाचा व्यवसाय आहे. धान्य पाखडून घेता येते, भाजी निवडून घेता येते. दूध मात्र ग्राहक डोळे मिटून घेतो आणि तेच आपल्या लेकराच्या तोंडी लावतो. म्हणून दुधासंबंधी उत्पन्न झालेली लहानशी शंकाही वाऱ्यासारखी पसरते, आणि एकदा उडालेला विश्वास पुन्हा मिळविण्यास वर्षे लागतात. अलीकडे परदेशात घडलेल्या एका प्रकरणाने ही गोष्ट पुन्हा एकदा सिद्ध केली आहे. आपल्या दूध उत्पादकांनी आणि गावोगाव काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी तिचा विचार करावा, या हेतूने हा लेख लिहीत आहे.

इंग्लंडातील प्रकरण

आर्ला ही युरोपातील शेतकऱ्यांच्याच मालकीची मोठी सहकारी दूधसंस्था आहे. नोव्हेंबर २०२४ च्या अखेरीस तिने ब्रिटनमध्ये असे जाहीर केले की, सुमारे ३० गोठ्यांतील गाईंच्या खुराकात ‘बोव्हेअर’ नावाचे पूरक मिसळून पाहण्यात येईल. गाईच्या ढेकरांतून बाहेर पडणारा मिथेन वायू कमी करणे हा त्या पूरकाचा उद्देश. तीन मोठे दुकानदारही या प्रयोगात सहभागी झाले होते. संस्थेची अपेक्षा कौतुकाची होती, पण झाले उलटेच. लोकांनी ते दूध मोरीत ओतून दिले, त्याची चित्रे सर्वत्र पाठविली, आणि संस्थेच्या मालावर बहिष्कार घालण्याची भाषा सुरू झाली.

वास्तविक ब्रिटनच्या अन्न-प्रमाण संस्थेने या पूरकास एक वर्ष आधी, डिसेंबर २०२३ मध्ये मान्यता दिली होती. युरोपीय महासंघाने २०२२ मध्ये ती दिली होती, आणि अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मे २०२४ मध्ये आपली तपासणी पूर्ण केली होती. डिसेंबरच्या आरंभी ब्रिटनच्या संस्थेने पुन्हा एकवार सांगितले की, या गाईंचे दूध पिण्यास सुरक्षित आहे. परंतु तोवर फार उशीर झाला होता.

ढेकरातील वायू

गाय, म्हैस, शेळी व मेंढी ही रवंथ करणारी जनावरे होत. त्यांच्या कोटीपोटात असंख्य सूक्ष्मजंतू असतात. मनुष्यास न पचणारा कडबा व गवत ते कुजवून जनावराच्या उपयोगी आणतात. या क्रियेत हायड्रोजन व कर्बद्विप्राणिल वायू निर्माण होतात. सूक्ष्मजंतूंचा एक वर्ग या दोहोंपासून मिथेन तयार करतो आणि जनावर तो ढेकरावाटे बाहेर टाकते. मोठे जनावर दिवसाला साधारण २५० ते ५०० लिटर मिथेन सोडते. जनावराने खाल्लेल्या वैरणीतील २ ते १२ टक्के ऊर्जा अशी हवेत जाते. मिथेन हवेत सुमारे १२ वर्षेच टिकतो. परंतु शंभर वर्षांच्या हिशेबाने तो वजनास वजन कर्बद्विप्राणिल वायूच्या सुमारे २७ पट उष्णता धरून ठेवतो. हवामान बदलाची चर्चा गोठ्यापर्यंत पोहोचली ती यामुळेच.

बोव्हेअरमधील मुख्य द्रव्य मिथेन तयार होण्याची शेवटची पायरी अडविते. ते अगदी अल्प प्रमाणात, सर्व खुराकात सारखे मिसळून द्यावे लागते. दुभत्या गाईत त्यामुळे मिथेन सुमारे ३० टक्क्यांनी घटतो. ते द्रव्य पोटातच विघटित होते आणि दुधात उतरत नाही, असा तपास करणाऱ्या संस्थांचा निष्कर्ष आहे.

शंका कोठे चुकली, कोठे बरोबर होती

लोकांच्या बोलण्यात चुकीच्या गोष्टी पुष्कळ होत्या. एका विख्यात अमेरिकन धनिकाचे नाव या पूरकाशी जोडण्यात आले. प्रत्यक्षात त्यांचा पैसा अशाच कामातील दुसऱ्या एका कंपनीत होता. अमेरिकन प्रशासनाच्या पत्रातील एक इशाराही गाजला. हे द्रव्य डोळ्यांस व त्वचेस त्रासदायक आहे, श्वासावाटे गेल्यास अपायकारक ठरू शकते, आणि पुरुषांच्या प्रजननक्षमतेस बाधक ठरू शकते, असे त्या पत्रात म्हटले होते. हा इशारा शुद्ध पूरक हाताळणाऱ्या कामगारांसाठी होता. लोकांनी तो दूध पिणाऱ्यांस लावला. मूठभर युरिया जनावराने खाल्ला तर ते दगावते, आणि तोच युरिया योग्य मात्रेत प्रक्रिया करून कडब्यात मुरविला तर निकृष्ट वैरण सुधारते, हे आपले शेतकरी जाणतात. मात्रा आणि पद्धत यांवर गुण व अवगुण अवलंबून असतात.

परंतु एवढे सांगून प्रश्न संपतो, असे मी मानीत नाही. ग्राहकांची खरी तक्रार निराळी होती. आमच्या दुधाच्या गाईंना नवीन पदार्थ खाऊ घालण्याचे ठरले आणि आम्हांस विचारले नाही. बाटलीवर काही लिहिले नाही. नको असेल तर कोणते दूध घ्यावे तेही सांगितले नाही, असे त्यांचे म्हणणे होते. याला अडाणीपणा म्हणता येणार नाही. आपण दुकानातून बियाणे घेतो तेव्हा पिशवीवरील चिठ्ठी वाचतो आणि ती नसेल तर दुकानदारास जाब विचारतो. दूध घेणाऱ्यासही तोच अधिकार आहे.

या बाबतीत मी स्वतः चुकलो आहे, ते सांगणे प्राप्त आहे. काही वर्षांपूर्वी एका गावच्या सभेत मी दुभत्या जनावरांस क्षारमिश्रण देण्याचे महत्त्व सांगत होतो. घरोघर रतीब घालणाऱ्या एक मावशी उठून म्हणाल्या, “साहेब, ही पावडर दुधात उतरते का? आमच्या गिऱ्हाईकांनी विचारलं तर काय सांगू?” मी हसून म्हणालो, “मावशी, शास्त्रज्ञांनी तपासलं आहे. तुम्ही काळजी करू नका.” सभा हसली आणि मावशी खाली बसल्या. पुढे त्यांच्या घरी गेलो तेव्हा आम्ही दिलेली पिशवी न फोडता फडताळावर ठेवलेली दिसली. क्षारमिश्रणात कोणते क्षार असतात, हाडांस व दुधास ते का लागतात, दूध देता देता जनावराच्या अंगातील चुना कसा कमी होतो, हे सांगण्यास मला पाच मिनिटे पुरली असती. ती पाच मिनिटे मी वाचविली आणि त्यांच्या दोन म्हशी वर्षभर क्षारांवाचून राहिल्या.

डेन्मार्कचा धडा

ग्राहकाप्रमाणेच गोठ्याच्या मालकालाही विचारावे लागते, हे डेन्मार्कमध्ये दिसून आले. त्या देशाने २०२५ पासून ५० हून अधिक गाई असलेल्या सर्वसाधारण गोठ्यांसाठी नियम केला. मिथेन कमी करण्यासाठी खुराकात वर्षभर जादा स्निग्धांश द्यावा, किंवा वर्षातून ८० दिवस हे पूरक द्यावे, असा तो नियम. बहुतेकांनी शरद ऋतूत पूरक देण्यास आरंभ केला, आणि अल्पावधीत गाई कमी खातात, त्यांना ताप व हगवण होते, दूध घटते, अशा तक्रारी येऊ लागल्या. गाय आजारी पडल्याची शंका आल्यास पूरक थांबविता येईल, असे तेथील अधिकाऱ्यांना स्पष्ट करावे लागले. तक्रारींचे कारण शोधणे हे संशोधकांचे काम आहे. मला येथे एवढेच म्हणावयाचे आहे की, प्रयोगशाळेतील गाय आणि शेतकऱ्याच्या दावणीची गाय यांत अंतर असते. ते अंतर सक्तीने कापता येत नाही. लहान प्रमाणावर, राजीखुशीने केलेल्या प्रात्यक्षिकांनीच ते तुटते.

आपल्या गोठ्याचा विचार

२०१९ च्या पशुगणनेप्रमाणे आपल्या देशात १९ कोटींहून अधिक गोवंश आणि सुमारे ११ कोटी म्हशी आहेत. तेव्हा मिथेनचा प्रश्न आपला नव्हे, असे म्हणून चालणार नाही. परंतु आपली परिस्थिती वेगळी आहे. आपला दूध उत्पादक दोन-चार जनावरांचा धनी. त्याचे जनावर दिवसाचा काही काळ बांधावर चरते, आणि दावणीला कडबा व थोडी पेंड खाते. सर्व खुराक एकत्र कालवून देणाऱ्या गोठ्यासाठी तयार केलेले पूरक येथे जसेच्या तसे लागू पडणार नाही. शिवाय चोथ्याचे प्रमाण जास्त असलेल्या खुराकात त्याचा परिणामही कमी होतो. तिसरी गोष्ट अशी की, मिथेन घटला म्हणून दूध वाढतेच, असे प्रयोगांत दिसलेले नाही. मग पूरकाचा खर्च कोणी सोसावयाचा? लाभ साऱ्या जगाचा आणि भुर्दंड दोन म्हशींच्या धन्याला, हा न्याय नव्हे.

आपल्याकडेही संशोधन चालू आहे. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या बंगळूर येथील पशुपोषण संस्थेने टॅनिनयुक्त वनस्पतींपासून ‘हरित धारा’ हे पूरक तयार केले असून, त्याने मिथेन १७ ते २० टक्के घटतो. ते वनस्पतीजन्य आहे म्हणून ग्राहक शंका घेणार नाही, असे समजू नये. त्याचीही माहिती तितक्याच मोकळेपणाने द्यावी लागेल.

दरम्यान एक मार्ग आजच उपलब्ध आहे. समजा, एक गाय दिवसाला ३०० लिटर मिथेन सोडते आणि ३ लिटर दूध देते. म्हणजे लिटरमागे १०० लिटर वायू झाला. दुसरी ४०० लिटर मिथेन सोडते, पण १० लिटर दूध देते. तिचा लिटरमागे ४० लिटरच पडतो. हिरवी वैरण, लसूणघास किंवा चवळीसारखी द्विदल वैरण, कडब्याची कुट्टी, क्षारमिश्रण, पोटभर स्वच्छ पाणी आणि वेळेवर जंतनिर्मूलन यांनी दूध वाढते, आणि लिटरमागील वायू आपोआप घटतो. यात ग्राहकाला भिण्यासारखे काही नाही आणि शेतकऱ्याच्या पदरात दोन पैसे पडतात. प्रथम हा मार्ग धरावा, पूरकांचा विचार त्यानंतर करावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

परदेशातील पूरकाची चर्चा करताना आपल्या दावणीकडे डोळेझाक होऊ नये. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०१८ च्या दूध सर्वेक्षणात ६,४३२ नमुने तपासले गेले. त्यांपैकी केवळ १२ नमुन्यांत आरोग्यास घातक भेसळ आढळली. परंतु अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचे विष ३६८ नमुन्यांत मर्यादेपेक्षा अधिक होते. हे विष बुरशी लागलेल्या पेंडीतून व खाद्यातून येते. ओल लागलेली सरकी पेंड किंवा भुईमूग पेंड “जनावराला चालते” म्हणून घालणारा शेतकरी दुधात काय उतरवितो, हे त्यास ठाऊक नसते. दुधात न उतरणाऱ्या द्रव्याबद्दल तिकडे लोक दूध मोरीत ओततात आणि खरोखर उतरणाऱ्या विषाबद्दल आपल्याकडे चकार शब्द निघत नाही, हा विरोधाभास विचार करण्याजोगा आहे.

कार्यकर्त्यांनी काय करावे

उद्या असे एखादे पूरक आपल्या गावी आले, तर ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी ते पोहोचविणाऱ्यास पुढील प्रश्न अवश्य विचारावेत : दुधाची तपासणी कोणी केली आणि तिचा अहवाल मराठीत मिळेल काय? आपल्या म्हशींवर व आपल्या वैरणीवर ते तपासले आहे काय? जनावर बिघडल्यास भरपाई कोण देणार? खर्च कोण सोसणार? हाताळताना कोणती काळजी घ्यावी? समाधानकारक उत्तरे मिळेपर्यंत पिशवी फोडू नये. उत्तरे मिळाल्यावर ती दूध संकलन केंद्राच्या फळ्यावर, सर्वांस दिसतील अशी लिहावीत. ग्राहकास ही बातमी प्रथम उत्पादकाच्या तोंडून कळली पाहिजे, अफवेतून नव्हे.

शेतकरी बंधू-भगिनींसही एक विनंती आहे. शेजाऱ्याने नवे खाद्य आणले म्हणून “आमचे दूध निर्भेळ, त्यांचे पावडरीचे” अशी कुजबुज करून आपला रतीब वाढवू नका. आज त्याच्या दुधावर घेतलेली शंका उद्या साऱ्या गावच्या दुधावर येते.

मावशींचा प्रश्न मला आजही आठवतो. ‘गिऱ्हाईकांनी विचारलं तर काय सांगू?’ या प्रश्नाचे उत्तर आपल्याजवळ तयार नसेल, तर ते खाद्य जनावरापुढे ठेवण्याचा अधिकार आपणांस अद्याप आलेला नाही, असे समजावे.