पुरस्कारांची रात्र आणि घरची चार तिकिटे

१४ जून हा गोविंद बल्लाळ देवलांचा स्मृतिदिन. १९१६ साली याच दिवशी ते गेले आणि त्यांच्या स्मरणार्थ याच दिवशी अखिल भारतीय मराठी नाट्य परिषदेचे पुरस्कार देण्याची प्रथा पडली. ५ नोव्हेंबरला, रंगभूमीदिनी, सांगलीत विष्णुदास भावे गौरवपदक दिले जाते. राज्य शासन संगीत रंगभूमीसाठी अण्णासाहेब किर्लोस्करांच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार देते. याखेरीज दूरचित्रवाणी वाहिन्यांच्या झगमगत्या पुरस्काररजनी आहेतच. आपल्या घरांतून या रजनी मोठ्या आवडीने पाहिल्या जातात. आजोबांपासून नातवंडांपर्यंत सारे पडद्यासमोर बसतात, टाळ्या वाजतात, हुंदके आवरत आभार मानले जातात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी घरात प्रश्न निघतो, ‘या रविवारी मुलांना कोणते नाटक दाखवावे?’

प्रश्न योग्य आहे. मात्र त्याचे उत्तर आदल्या रात्रीच्या सोहळ्यात शोधणे योग्य नव्हे. पुरस्कार अभिनयाला मिळतो, नेपथ्याला मिळतो, प्रकाशयोजनेला मिळतो. दहा वर्षांचा मुलगा आणि सत्तरीची आजी शेजारी शेजारी बसून तीन तास रमतील की नाही, याचे परीक्षण कोणताही परीक्षक करीत नाही. ते त्याचे कामही नव्हे. संगीत नाटकाच्या वाट्याला तर या रात्री बहुधा एक ‘मानवंदना’ येते. कोणीतरी भरजरी शालू नेसून एखाद्या पदाचा मुखडा गाते, मागे पडद्यावर बालगंधर्वांचे छायाचित्र झळकते, सभागृह क्षणभर गहिवरते आणि लगेच चित्रपटगीतावरचे नृत्य सुरू होते. ज्या कलेला आपण मराठी मनाचे वैभव म्हणतो, तिला श्राद्धाच्या पानासारखे वाढून बाजूला ठेवण्याचा हा प्रकार आहे.

संगीत नाटक जन्मले तेव्हा ते जिवंत, धाडसी आणि आपल्या काळाशी झोंबी घेणारे होते, हे आपण विसरलो आहोत. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात किर्लोस्करांनी ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणले, तेव्हा कालिदास पंडितांच्या ओसरीवरून उठून सामान्य माणसाच्या ओठांवर आला. १८९९ साली देवलांची ‘शारदा’ आली. पैशाच्या लोभाने म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधल्या जाणाऱ्या कोवळ्या मुलीची ती कथा समाजाने रडत, हसत आणि मनातून खजील होत पाहिली. १९२९ साली बालविवाह प्रतिबंधक कायदा झाला. हरविलास सारडा यांच्या नावावरून त्याला मराठीत ‘शारदा कायदा’ म्हणू लागले, आणि कित्येक मराठी माणसांची समजूत अशी, की कायद्याचे नाव देवलांच्या नायिकेवरूनच पडले! समजूत चुकीची खरी, पण एखाद्या नाटकाला याहून मोठा पुरस्कार कोणत्या रजनीत मिळाला आहे? हिंदू समाजाने आपले दोष बाहेरच्याने दाखवण्याची वाट न पाहता आपल्याच रंगमंचावर, आपल्याच रागदारीत मांडले, ही अभिमानाची गोष्ट आहे.

आता निवडीविषयी. पहिलेच संगीत नाटक दाखवायचे असेल तर निःशंकपणे ‘सौभद्र’ दाखवावे. १८८२ पासून आजतागायत ते टिकले, याचे कारण केवळ पदे नव्हेत. बलरामाला सुभद्रा दुर्योधनाला द्यायची आहे, कृष्णाला ती अर्जुनाला द्यायची आहे, आणि भावाशी भांडण न करता आपले म्हणणे कसे सिद्धीस न्यावे, याचा तो एक मिस्कील पाठच आहे. अर्जुनाचे यतिवेषातले सोंग आणि घटोत्कचाची करामत पाहताना लहान मुले खदखदून हसतात. देवाला घरातल्या माणसासारखे रंगवूनही त्याची विटंबना होत नाही, हे किर्लोस्करांचे सामर्थ्य. पुराणपात्रांची टिंगल म्हणजेच विनोद असे मानणाऱ्या आजच्या लेखकांनी ते मुद्दाम अभ्यासावे. विद्याधर गोखले यांचे १९६० चे ‘सुवर्णतुला’ही याच पंगतीतले.

‘शारदा’ वयात येणाऱ्या मुलीसह आणि मुलासहही पाहावी. ‘एकच प्याला’ मात्र लहानांसाठी नव्हे. आपल्या घरांतून ‘अभिजात आहे, म्हणजे मुलांना दाखवलेच पाहिजे’ असा एक हट्ट असतो. गडकऱ्यांचे हे नाटक त्यांच्या मृत्यूनंतर १९१९ साली रंगभूमीवर आले आणि त्यातील सुधाकराचा अधःपात आजही काळीज चिरतो. पण मद्यपी बापाच्या हातून तान्ह्या मुलाचा अंत होतो, तो प्रसंग आठ वर्षांच्या बालकाने पाहण्याचे काही प्रयोजन नाही. महाविद्यालयात जाणाऱ्या मुलांना मात्र ते अवश्य दाखवावे. सिंधू इतके का सोसते, असे घरची मुलगी परतीच्या वाटेवर विचारील. तिला गप्प करू नये. पातिव्रत्याचे गोडवे गाऊन तो प्रश्न मिटत नाही, आणि गडकऱ्यांनीही सुधाकराला कोठे क्षमा केलेली नाही.

सावरकरांच्या नाटकांविषयी आपल्या वर्तुळात आदराने बोलले जाते, पण पाहणारे किती? रत्नागिरीच्या स्थानबद्धतेत असताना त्यांनी ‘उःशाप’ लिहिले, ते अस्पृश्यतेच्या प्रश्नावर; आणि १९३१ साली मास्टर दीनानाथांच्या बळवंत संगीत मंडळीने ‘संन्यस्त खड्ग’ रंगभूमीवर आणले. त्यात शस्त्र खाली ठेवून संन्यास घेतलेला सेनापती विक्रम आहे आणि पुढे शाक्यांच्या राज्यावर परचक्र आल्यावर त्याच्यापुढे उभे राहिलेले धर्मसंकट आहे. विशेष हे, की प्रत्यक्ष भगवान बुद्धांशी होणारा वादही सावरकरांनी रंगमंचावर आणला आणि प्रतिपक्षाला त्याची योग्यता दिली. त्यातील पदे गाण्याच्या मैफलींतून सुटी सुटी ऐकायला मिळतात. मात्र ज्या वादातून ती उमलली तो वादच गळून गेला, तर उरते ती केवळ चाल. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांना हे नाटक दाखवावे, निदान घरी बसून वाचून दाखवावे. संहिता आज जड वाटते, लांबलचक संवादांना कात्री लावावी लागते, हे मान्य करायलाच हवे. भक्तिभावाने कंटाळा सोसणे ही काही नाटकाची सेवा नव्हे.

‘कट्यार काळजात घुसली’ची शिफारस केली की आपल्यापैकी काहींच्या कपाळावर आठी उमटते. वास्तविक दारव्हेकरांचे १९६७ चे हे नाटक घराण्याच्या अभिमानापेक्षा कला मोठी, असे सांगते. आणि वसंतराव देशपांड्यांचा खाँसाहेब ज्यांनी पाहिला, त्यांना तो अजून दिसतो. भास्करबुवा बखल्यांनी ‘स्वयंवरा’ला चाली दिल्या, त्या बुवांनी फैज महंमद खाँ, नथ्थन खाँ आणि अल्लादिया खाँ यांच्याकडून विद्या घेतली. ही नोंद पुसून आपली परंपरा अधिक शुद्ध होत नाही. सामगायनापासून चालत आलेला स्वर ज्याने ज्याने निष्ठेने जपला, तो आपला, इतका आत्मविश्वास या संस्कृतीत पूर्वीपासून आहे.

नवे काही घडतच नाही, ही तक्रारही खरी नव्हे. २०१७ साली प्राजक्त देशमुख यांचे ‘संगीत देवबाभळी’ आले. तुकोबांची आवली आणि लखूबाई होऊन तिच्या घरी राहायला आलेली रखुमाई, एवढी दोनच पात्रे. पण विठ्ठलावर रुसलेल्या दोन बायकांच्या बोलण्यातून संसार आणि भक्ती यांचे नाते जसे उलगडते, तसे दहा प्रवचनांत उलगडत नाही. ‘कट्यार’वरचा २०१५ चा आणि ‘मानापमान’वरचा २०२५ चा चित्रपट पाहून पुष्कळ मुले प्रथमच नाट्यपदांकडे वळली, याचाही आनंद मानावा. मात्र चित्रपट पाहिला म्हणजे नाटक पाहिले, असे नाही. समोर पायपेटी आणि तबला लागलेला, गाणारा माणूस पंधरा हातांवर उभा, आणि आज त्याचा पंचम कसा लागतो याची साऱ्या सभागृहाला लागलेली उत्कंठा, हे पडद्यावर कोठून येणार? गोव्यातील खेडोपाडी देवळांच्या उत्सवांतून गावकरी स्वतःच संगीत नाटके उभी करतात. तेथील मुलांना हे नाट्यगृहात नेऊन दाखवावे लागत नाही; त्यांचा काकाच कृष्ण झालेला असतो.

आता एक कटू गोष्ट. संगीत नाटकाच्या ऱ्हासाबद्दल सर्वांत अधिक हळहळणारा वर्ग आपलाच, आणि फुकट प्रवेशिकेची सर्वांत अधिक अपेक्षा करणाराही आपलाच. ‘कार्यकर्त्यांसाठी काही आसने ठेवा’ हा निरोप मी स्वतः आयोजकांकडे नेला आहे, आणि आज त्याची लाज वाटते. ८ जुलै १९२१ रोजी केशवराव भोसले आणि बालगंधर्व यांनी टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत ‘संयुक्त मानापमान’ केले, तेव्हा लोकांनी चढ्या दरांची तिकिटे काढून गर्दी केली होती; तिकिटाचा पैसा हीच तेथे देशसेवा होती. आज गायक नट, पायपेटीवादक, तबलजी, रंगभूषाकार, सामान वाहणारा ट्रक एवढा डोलारा सांभाळून संगीत नाटकाचा दौरा काढणे म्हणजे घरातले दागिने मोडणे. शिलेदार कुटुंबाने १९४९ मध्ये ‘मराठी रंगभूमी’ ही संस्था काढून हे व्रत दोन पिढ्या चालवले. जयमालाबाईंना २०१३ साली पद्मश्री मिळाली, कीर्ती शिलेदार २०१८ साली नाट्यसंमेलनाच्या अध्यक्षा झाल्या; आपण टाळ्या वाजवल्या. त्यांच्या प्रयोगांना नाट्यगृहात आपल्यापैकी किती जण होते, याचे उत्तर ज्याचे त्याने द्यावे.

पुण्यात भरत नाट्य मंदिर, रत्नागिरीत खल्वायन अशा संस्था आजवर हे काम नेटाने करीत आल्या आहेत. राज्य नाट्य स्पर्धेत संगीत नाटकांचा स्वतंत्र विभाग असतो आणि तेथील प्रयोगांना नाममात्र शुल्क असते. हौशी कलावंतांच्या त्या प्रयोगांत एखादा सूर चुकतो, पडदा मध्येच अडतो, पण मुलांना पहिली ओळख करून द्यायला ती जागा उत्तम आहे. जाण्यापूर्वी घरी कथा सांगावी, दोन पदे ऐकवावीत, आणि पेंगलेल्या मुलाला दुसऱ्या अंकानंतर खुशाल घरी आणावे. आणि तिकिटे खिडकीवर उभे राहून, मुलांच्या देखत, पैसे मोजून काढावीत.