गीझर चालू आहे, म्हणून टेन्शन!

थंडी पडली की ऑफिसला लेट होण्याच्या कारणांत ट्रॅफिकनंतर दुसरा नंबर गॅस गीझरचा. निदान माझ्या मित्रमंडळींत तरी. सकाळचे साडेसात, डोक्याला शॅम्पू आणि पाणी एकदम गार! मग मेकॅनिकला फोन. तो ‘संध्याकाळी येतो’ म्हणणार, म्हणजे परवा.

खरं तर यातली निम्मी दुखणी घरच्या घरी बरी होतात. फक्त त्या डब्याचा फंडा माहीत हवा. यात पाण्याची टाकी नसते. नळ सोडला की पाण्याचा जोर आतल्या एका रबरी पडद्याला ढकलतो. त्यानं गॅसची वाट उघडते, स्विच दाबला जातो, दोन जाड्या सेलवर टकटक ठिणगी पडते आणि बर्नर पेटतो. वरच्या तांब्याच्या नळीतलं पाणी जाता जाता तापतं. ज्योत पेटली नाही, तर सेन्सर गॅस बंद करतो. बस्स.

आता याच क्रमानं बघा. टकटक आवाजच नाही? आधी सेल बदला. तरीही नाही, तर पाण्याला जोर नाही. गच्चीवरची टाकी अगदी डोक्यावर असली की वरच्या मजल्यावाल्यांना हा त्रास हमखास. पाणी आत येतं तिथे एक बारीक जाळी असते, ती कचऱ्यानं बुजते. पाणी बंद करून ती काढा आणि जुन्या टूथब्रशनं घासा. शॉवरची चाळणी क्षारांनी भरली तरी हेच होतं. आवाज येतो पण पेटत नाही? सिलिंडर बघा. नुकताच बदलला असेल तर नळीत हवा असते, दोन-तीनदा नळ चालू-बंद करा. (गॅसचा वास आला तर मात्र प्रयोग बंद, सिलिंडर बंद, खिडक्या उघड्या.) पाणी नुसतं कोमट? नळ जरा बारीक करा. बोअरवेलचं पाणी असेल तर नळीत क्षार साचलेले असतात, ते काम मेकॅनिकचं. आणि बिल्डिंगमध्ये पाइपचा गॅस आला असेल तर सिलिंडरवरचा गीझर तसाच जोडू नका. दोन्ही गॅस वेगळे, नोझल वेगळे.

काही गीझर २० मिनिटांनी आपोआप विझतात. तो बिघाड नाही. ‘तेवढं काढून टाका ना’ असं मेकॅनिकला सांगणारे महाभाग मला माहीत आहेत. आमच्याकडे येणारे काका त्यांना साफ नाही म्हणतात.

कारण खरा घोळ गीझर मस्त चालू असताना होतो. बर्नरला हवा लागते. छोटं बाथरूम, थंडी म्हणून खिडकी बंद, दाराला कडी. हवा कमी पडली की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. सिलिंडरच्या गॅसला मुद्दाम घातलेला तो वास इथे मदतीला येत नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला हा ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून जास्त घट्ट चिकटतो. डोकं जड होतं, चक्कर येते आणि कडी काढण्याआधीच माणूस कोसळतो. एकामागून एक आंघोळी चालल्या असतील तर नंतर जाणाऱ्याला धोका जास्त.

ज्योत पिवळी दिसली किंवा डब्यावर काजळी धरली, तर गीझर त्याच दिवशी बंद करा. पण ज्योत निळी आहे म्हणून बिनधास्त राहू नका; हवा कोंडली की तीही बिघडते. एक्झॉस्ट फॅन आहे, पण बाहेरची हवा आत यायला वाट नाही, तर तो काय कामाचा?

आत कुणी पडलंच तर दार उघडा, गॅस बंद करा, त्याला मोकळ्या हवेत आणा आणि थेट हॉस्पिटल गाठा. गॅस गीझर चालू होता, हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. कोविडच्या वेळी घेतलेल्या ऑक्सिमीटरवर विसंबू नका, तो अशा वेळी नॉर्मल आकडा दाखवू शकतो.

भाड्याचा फ्लॅट बघायला गेलात की ब्रोकर मॉड्युलर किचन दाखवत बसेल. तुम्ही आधी बाथरूममध्ये डोकावा. गीझर आतच लावलाय? मग अ‍ॅग्रीमेंटवर सही करायच्या आधी घरमालकांना तो ड्राय बाल्कनीत, उघड्या हवेत हलवायला सांगा. पाणी काय, पाइपनं आत येतंच.