स्पीकर बदलण्याआधी खोलीकडे पाहा. उपाय माळ्यावरच्या गादीत आहे!

दुकानात ऐकलेला स्टिरिओ घरी आणला की तो पूर्वीसारखा वाजत नाही. गाण्याचे शब्द एकमेकांत मिसळतात, तबल्याचा नुसता 'ढम्म' उरतो. मग आवाज वाढवला जातो आणि गोंधळही वाढतो. बहुतेक वेळा दोष यंत्राचा नसून खोलीचा असतो. हिंगोलीसारख्या कापूस पिकवणाऱ्या जिल्ह्यात तर त्यावरचा उपाय घरातच पडून असतो.

खोली का घुमते?

स्पीकरचा आवाज आधी थेट कानावर येतो. पाठोपाठ भिंती, फरशी आणि स्लॅबवर आदळून तोच आवाज पुन्हा पुन्हा येत राहतो. गिलाव्याची भिंत किंवा फरशी त्यातला जेमतेम २ ते ३ टक्के आवाज शोषते, बाकीचा परत फेकते. १० बाय १२ फुटांची, १० फूट उंचीची खोली पूर्ण रिकामी असेल, तर आवाज विरायला हिशेबाने सुमारे ३ सेकंद लागतात. औंढा नागनाथच्या दगडी मंदिरात घंटानाद रेंगाळला तर गोड वाटतो; पण गाण्याचा एकेक शब्द कळायचा तर घरात आवाज अर्ध्या सेकंदाच्या आसपास विरायला हवा. जुन्या माळवदाच्या घरात धान्याची पोती, वळकट्या आणि घोंगड्या हे काम नकळत करत. स्लॅबच्या घरातून त्या गेल्या.

कापसाने काय होते?

आवाज म्हणजे हवेची थरथर. ती कापसाच्या तंतूंमध्ये शिरली की घर्षणाने विरते. १८९५ मध्ये अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या एका नव्या सभागृहात व्याख्यान समजेना. तोंडातून निघालेला शब्द साडेपाच सेकंद घुमत होता. वॉलेस सॅबिन या तरुण प्राध्यापकाने शेजारच्या नाट्यगृहातील आसनांच्या गाद्या रात्री उचलून आणल्या आणि किती गाद्यांनी घुमणे किती कमी होते, ते मोजले. सभागृहांच्या ध्वनिशास्त्राचे सूत्र त्यातूनच निघाले.

घरी कसे करायचे?

४ फूट बाय २ फुटांची, ४ इंच खोल लाकडी चौकट करावी. जुन्या गादीचा कापूस पिंजून त्यात भरावा. तो खाली बसू नये म्हणून गादीला घालतात तसे टाके घालावेत. वरून मांजरपाट, खादी किंवा तरट लावावे. कापड तोंडाला लावून फुंकर मारली तर ती पार जायला हवी. रेक्झिन किंवा प्लास्टिक चालणार नाही. चौकट भिंतीपासून दोन-तीन इंच पुढे टांगावी. त्याने खालचे स्वर जास्त शोषले जातात आणि पावसाळ्यात भिंतीची ओलही लागत नाही. अशा सहा चौकटी लावल्या, तर त्याच रिकाम्या खोलीतले ३ सेकंद सुमारे एका सेकंदावर येतात. उरलेले काम पलंग, जाड पडदे आणि सतरंजी करते.

कुठे लावायच्या?

ऐकणाऱ्याने नेहमीच्या जागी बसावे, दुसऱ्याने बाजूच्या भिंतीवर आरसा सरकवत न्यावा. आरशात स्पीकर दिसेल ती चौकटीची जागा. दोन्ही बाजूंना एकेक आणि डोक्यामागच्या भिंतीवर दोन, ही सुरुवात पुरे.

खर्जाचे दुखणे वेगळे आहे. १२ फूट लांबीच्या खोलीत सेकंदाला सुमारे ४७ कंपनांचा स्वर समोरासमोरच्या भिंतींत अडकून फुगतो. पातळ चौकटीला तो दाद देत नाही. स्पीकर कोपऱ्यातून पुढे ओढावेत, बैठक भिंतीला टेकवू नये आणि कोपऱ्यांत गाद्यांच्या जाड वळकट्या उभ्या कराव्यात.

काय टाळावे?

अंड्यांचे ट्रे भिंतीला चिकटवण्याची पद्धत व्यर्थ आहे. पातळ पुठ्ठा फार तर थोडे उंच स्वर कमी करतो. खर्जाला काहीच करत नाही आणि लवकर पेट घेतो. कापूसही पेटतो, म्हणून चौकटी बटनांचे बोर्ड, ॲम्प्लिफायर आणि देवघरातील दिव्यापासून दूर हव्यात. या उपायाने शेजाऱ्याकडे जाणारा आवाज थांबत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

हा खटाटोप कशासाठी?

हा केवळ शौकिनांचा विषय नाही. घुमणाऱ्या खोलीत सर्वात आधी अडचण होते ती कमी ऐकू येणाऱ्या आजी-आजोबांची. टीव्हीतले संवाद कळत नाहीत म्हणून आवाज वाढतो आणि शेजारच्या खोलीतल्या मुलांचा अभ्यास मोडतो. महागड्या स्पीकरने हे सुटत नाही. त्यामुळे नव्या यंत्रावर पैसे घालण्याआधी खोलीत एक टाळी वाजवून पाहावी. मागे झणझण उरली, तर आधी गादीवाल्याला गाठावे. स्पीकरच्या दुकानात जायची वेळ कदाचित येणारही नाही.