हातोडा आपला, घर भाडेकरूचं

मंडळी, यंदाच्या गणपतीला महाप्रसादाच्या रांगेत निदान तिघांनी आम्हांला एकच प्रश्न विचारला. "जुनं टू-फॅमिली घर घेतोय, भाड्यानं द्यायला. डागडुजी आपली आपणच करू म्हणतो. तुम्ही केलीत ना? जमतं का?" हातात प्लेट, मागे खोळंबलेली रांग. "जमतं हो, काही अवघड नाही," म्हणून आम्ही वेळ मारून नेली. ते उत्तर अर्धंच होतं. उरलेलं इथे लिहितो.

आम्ही दोघंही अशा घरांत वाढलो जिथे नळ गळायला लागला की कोपऱ्यावरच्या हार्डवेअरवाल्याकडे निरोप ठेवायचा आणि प्लंबर उगवेपर्यंत खाली बादली ठेवायची. घरात पक्कड असे, ती खिळा उपटण्यापुरती. एडिसनला स्वतःचं घर घेतलं, प्लंबरचं पहिलं बिल पाहिलं आणि पाना आपोआप हातात आला. वायसर बदलणं, टॉयलेटच्या टाकीतलं रबर बदलणं, भिंतीच्या भोकात लांबी भरून रंग देणं, टबाच्या कडेची काळी पडलेली सिलिकॉनची रेघ खरवडून नवी ओढणं, हे सगळं आम्ही चुकत-माकत शिकलो. पहिल्या वेळी पाण्याचा मेन कॉक बंद न करताच नळ उघडला होता. छतापर्यंत कारंजं! त्यावर अजूनही हसतो, कारण भिजलो आम्हीच आणि पुसलंही आम्हीच.

२०१६ साली हायलंड पार्कमध्ये १९२८ सालचं दोन मजली घर घेतलं. खाली एक बिऱ्हाड, वर एक. वरच्या मजल्यावर मंडळातच ओळख झालेलं सांगलीकडचं तरुण जोडपं आलं. आम्हांला काका-काकू म्हणणारं. वर्षभरात त्यांना मुलगी झाली. २०१८च्या उन्हाळ्यात खालचं बिऱ्हाड रिकामं झालं आणि आम्ही शनिवार-रविवारी कामाला लागलो.

खिडक्यांच्या चौकटींना रंगाचे पोपडे आले होते. खाली थरांवर थर: पांढरा, पिवळट, हिरवा, पुन्हा पांढरा. आमच्यापैकी ज्याला इंजिनिअर म्हणतात त्याने इलेक्ट्रिक सँडर आणला, तोंडाला फडकं बांधलं आणि दोन दिवसांत सगळ्या चौकटी लाकडापर्यंत घासून काढल्या. धूळ कोंडू नये म्हणून जिन्याचं दार उघडं ठेवलं. दुपारी वरची सून (आम्ही तिला तसंच म्हणायचो) लेकीला कडेवर घेऊन चहा घेऊन खाली आली. बाळ जिन्याच्या पायरीवर बसून हातानं धुळीत रेघोट्या ओढत होतं. आम्ही त्याचा फोटोसुद्धा काढला.

ऑक्टोबरमध्ये तिचा फोन आला. "काकू, बाळाच्या रक्तात शिसं निघालंय म्हणे."

न्यू जर्सीत प्रत्येक मुलाची एक वर्षाचं आणि दोन वर्षांचं असताना शिशाची रक्ततपासणी करायची असते. बोटाच्या थेंबावर केलेली पहिली तपासणी कधी चुकते, म्हणून शिरेतून रक्त घेऊन पुन्हा केली. आकडा आला ६, म्हणजे डेसिलिटरला सहा मायक्रोग्रॅम. तेव्हा केंद्रीय आरोग्य संस्थेची, म्हणजे सीडीसीची, खूण ५ची होती. २०२१ साली ती ३.५वर आणली. आपल्याला हा आकडा किरकोळ वाटतो. पण लहान मुलाच्या मेंदूला अमुक इतकं शिसं चालतं अशी सुरक्षित पातळीच सापडलेली नाही, आणि बहुतेकदा बाहेरून काही दिसत नाही. मूल खेळतं, हसतं, जेवतं.

मग आरोग्य खात्याचे तपासनीस आले. त्यांनी त्यांना गावाकडून आणलेला शेंदूर, पितळी भांडी, मसाले, सगळ्याची चौकशी केली, आणि ते बरोबरच आहे. शेंदुरात शिसं सापडल्याची उदाहरणं या राज्यात आहेत. शेवटी यंत्र खिडकीला लावलं, जिन्यावरची धूळ ओल्या कापडानं टिपून नेली. उत्तर यायच्या आधीच आम्हांला कळलं होतं.

इथे घरगुती रंगात शिसं वापरायला १९७८ साली बंदी आली. (भारतात रंगातल्या शिशाला कायद्यानं कडक मर्यादा आली ती थेट २०१७च्या नोव्हेंबरात, तेव्हा तिकडच्या जुन्या घराला रंग काढतानाही हे लक्षात असू द्या.) १९७८च्या आधीचं घर म्हटलं की खालच्या थरांत शिसं आहे असंच धरून चालायचं. रंग भिंतीवर शाबूत आहे तोवर फारसा त्रास नाही. त्याची धूळ केली की ती उंबरठ्यावर, खिडकीच्या फळीवर आणि तिथून रांगत्या मुलाच्या तोंडात जाते.

आता मुद्द्याचं. आपल्या राहत्या घरात आपण जे करू शकतो ते भाड्याच्या घरात करता येतंच असं नाही. एप्रिल २०१०पासून लागू असलेल्या केंद्रीय नियमाप्रमाणे जुनं घर भाड्यानं देणारा मालक स्वतः काम करत असला तरी तो कंत्राटदारच धरला जातो. खोलीत सहा चौरस फुटांपेक्षा जास्त जुना रंग खरवडायचा, किंवा खिडकी बदलायची, तर आठ तासांचं प्रशिक्षण आणि ईपीएचं प्रमाणपत्र हवं. भाडेकरूला आधी माहितीपुस्तिका द्यायची. जमिनीवर प्लास्टिक, दारांवर पडदा, पाणी फवारून ओलं खरवडणं, हेपा व्हॅक्यूम, शेवटी पांढऱ्या ओल्या कापडानं पुसून तपासणं. हेपा न जोडलेला सँडर चालवायला बंदी आहे, आणि आम्ही नेमका तोच चालवला. "आम्हांला माहीत नव्हतं," हे आम्ही त्या मुलीच्या आईला एकदाच म्हणालो. पुन्हा म्हणवलं नाही.

न्यू जर्सीतल्या वाचकांसाठी आणखी: २०२१च्या राज्य कायद्यानं १९७८पूर्वीच्या बहुतेक भाड्याच्या घरांची शिशासाठी ठरावीक काळानं तपासणी सक्तीची झाली आहे, पहिल्या फेरीची मुदत जुलै २०२४मध्येच संपली. घर घेण्याआधी विकणाऱ्याकडे तो दाखला मागा. आणि विजेचं किंवा प्लंबिंगचं परमिट लागणारं काम या राज्यात मालक स्वतः करू शकतो ते फक्त स्वतः राहत असलेल्या एका कुटुंबाच्या घरात. भाड्याच्या घराला परवानाधारक माणूसच लागतो. इतर राज्यांत नियम वेगळे, टाऊन हॉलमध्ये विचारा. ती मंडळी आपण समजतो तेवढी खडूस नसतात. तळघरात नऊ इंची जुन्या टाइल्स दिसल्या तर त्याही उखडू नका, त्यांत ॲसबेस्टॉस असण्याची दाट शक्यता असते.

पैशाचं थोडक्यात. फुटलेली काच बसवणं ही दुरुस्ती, तिचा खर्च त्याच वर्षी वजा होतो. नवं छप्पर ही सुधारणा, ती साडेसत्तावीस वर्षांत वजा होते. पहिला भाडेकरू येण्याआधीची डागडुजी बहुधा घराच्या किमतीतच धरली जाते. आणि आपल्या घामाची वजावट शून्य! आम्ही पहिल्या वर्षी आपल्या तासांचा हिशेब लिहून ठेवला होता. आमचा टॅक्सवाला तो वाचून बराच वेळ हसला.

आमच्या घरातलं शिशाचं काम शेवटी प्रमाणित कंत्राटदारानं केलं. त्या हिवाळ्यात आलेलं सगळं भाडं त्यात गेलं. ते तीन जण तोवर आमच्याकडे एडिसनला राहिले, पाहुण्यांच्या खोलीत. मुलीला लोह आणि कॅल्शियम मिळेल असा आहार, वारंवार हात धुणं, दर काही महिन्यांनी रक्त. पुढच्या वसंतात आकडा २वर आला. रोज संध्याकाळी तिच्या हातांना साबण लावायचं काम इंजिनिअरसाहेबांनी स्वतःकडे घेतलं होतं. त्याबद्दल ते फारसं बोलत नाहीत.

आज ती शाळेत जाते आणि आम्हांला शुद्ध मराठीत दटावते. गेल्या महिन्यात तिच्या बाबांचा फोन आला. "काका, घर बघितलंय. १९५५चं आहे. या रविवारी खिडक्या बघायला याल का आमच्याबरोबर?"

येतो म्हणालो.

"या, पण सँडर घरीच ठेवा."